ओटीवरच्या आपा



रोह्यात आमच्या घराच्या ओटीवर माझी आई मोहल्ल्यातल्या मुलांना अलिफ-बे शिकवायची. मुलगे असोत की मुली, सगळे तिला ‘आपा’ म्हणत. तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलाने पुढे भर सभेत कुराणपठण केलं. त्याची वाहवा झाली. आई तेव्हा घरी भाकऱ्या थापत होती. तिलाही बोलवावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

ही गोष्ट मला आठवली ती 2013 साली, एक बातमी वाचताना. 30 सप्टेंबरला आंध्र प्रदेशातल्या नंद्याळ इथे एग्गोनी पुष्पललिता यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. चर्च ऑफ साउथ इंडियाच्या त्या पहिल्या महिला बिशप. बिशप म्हणजे एका मोठ्या विभागातल्या सगळ्या चर्चचा प्रमुख. नव्या पाळकांना दीक्षा द्यायची तीही त्यानेच. अँग्लिकन परंपरेत हा मान स्त्रीला प्रथम अमेरिकेत मिळाला, 1989 साली, बार्बरा हॅरिस यांना. खुद्द इंग्लंडच्या चर्चला त्यासाठी 2015 उजाडावं लागलं. आणि 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च पदासाठी, कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, सारा मलॅली यांची निवड झाली. या बाई पूर्वी परिचारिका होत्या. रोमन कॅथलिक चर्चमध्ये मात्र आजही स्त्रीला साधं धर्मगुरूही होता येत नाही.

आपल्याला हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनमच्या महिला कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावं, अशी कल्पना निघाली. त्यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली! रमाबाईंना नवल वाटलं. माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, मग या इंग्रजांना काय झालं, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता.

त्याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, 1924 मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. छापखान्यातली कामंही तिथल्या बायकाच करत.

तेव्हा बाईला जमेल का, हा प्रश्नच नव्हता. शिकवण्याचं काम ती करतच आली. अडत होतं ते तिला आसन देण्यापाशी.

आई आता नाही. तो मुलगा, आता केस पांढरे झालेला, कधी बाजारात भेटतो. ‘आपांनी शिकवलं म्हणून,’ असं आवर्जून म्हणतो. मी मान हलवतो. त्या दिवशी घरी जाऊन आईला घेऊन येणं माझ्या हातात होतं. मशिदीपासून आमचं घर चार पावलांवर होतं.