दोरा, रीळ आणि सहा महिन्यांचे बाळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विज्ञानावर काही बोला, असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मला आपल्या तालुक्यातल्या एका पाड्यावरची आई आठवली. तिचे बाळ पाच-सहा महिने कसे गुटगुटीत होते. मग एकाएकी हातापायांची बोटे सुजू लागली, अंग फिके पडले, रडे थांबेना. "मना पोऱ्याले नजर लागनी," असे ती म्हणे. रक्त तपासले तेव्हा सिकलसेल निघाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत हा आजार पुष्कळ. पण दोष जन्माचाच, तर पहिले सहा महिने बाळ सुखरूप कसे राहिले?

याचे उत्तर दोरा गुंडाळण्यात आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डी.एन.ए.चा सुमारे दोन मीटर धागा असतो. म्हणजे पाचवारी पातळाच्या निम्म्याला थोडा कमी. तो मावतो मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात! गुंता होऊ नये म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एकेका रिळावर सुमारे पावणेदोन वेढे, आणि अशी रिळे एका पेशीत तीन कोटींच्या घरात. या रिळांसकट धाग्याला क्रोमॅटिन म्हणतात. रिळांची ही मांडणी रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ साली ओळखली. जो भाग घट्ट गुंडाळला, तिथला मजकूर पेशीला सहसा वाचता येत नाही.

गर्भातले बाळ निराळे हिमोग्लोबिन वापरते. त्याचा मजकूर निराळ्या जागी असल्यामुळे सिकलसेलचा दोष त्याला लागत नाही. जन्मानंतर हा मजकूर हळूहळू गुंडाळून बंद होतो, मोठेपणीचा उघडतो, आणि दोष बाहेर पडतो. बी.सी.एल. ११ए नावाचे प्रथिन तो बंद ठेवण्यात पुढाकार घेते.

आता खरी मौज ऐका. अस्थिमज्जेत पेशी सारख्या दुणावत असतात. दुणावताना धागा रिळांवरून उलगडून त्याची नक्कल करावी लागते. मग काय बंद होते, याची आठवण राहते कशी? तर जुनी रिळे फेकून देत नाहीत. ती दोन्ही नव्या धाग्यांवर वाटली जातात. एका धाग्याचे दोन झाले, म्हणजे उरलेल्या जागी रिळे कमी पडणारच. ती पेशी त्याच वेळी नवीन घडवते, आणि कॅफ-१ हे प्रथिन नक्कल चालू असतानाच ती मागोमाग बसवत जाते. हे प्रथिन १९८९ साली सापडले. जुन्या रिळांवर रासायनिक खुणा असतात. शेजारच्या नव्या रिळांवर तशाच खुणा उमटवल्या जातात. आपणही विणकामाचा जुना तुकडा समोर ठेवूनच नवा विणतो की!

म्हणजे बाळपणीचा मजकूर नाहीसा झालेला नसतो, नुसता बंद असतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भातले हिमोग्लोबिन काही प्रमाणात पुन्हा वाढवते. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेली कॅसजेव्ही ही चिकित्सा बी.सी.एल. ११ए लाच आवर घालते; पण तिची किंमत ऐकून आपल्या पाड्यावरच्या माणसाने काय करावे? आपल्याकडे २०२३ सालीच सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिचा भर तपासणीवर आहे. दोघेही वाहक असले, तर दर खेपेला बाळाला आजार होण्याचा संभव चारात एक.

त्या आईचा मुलगा आता शाळेत जातो, गोळ्या चुकवत नाही. यंदा धाकट्या दिराची सोयरीक ठरताना पत्रिकेआधी दोन्हीकडचे रक्त तपासायला तिनेच लावले.