थोड्या महिन्यांचे प्रशिक्षण आणि आपली मुले



आम्ही गिरणी कामगार. साचा चालवायला आम्हाला कुणी वर्गात बसवून शिकवले नाही. बदलीत दिवस काढले, शेजारच्या साच्यावरचा हात बघितला आणि शिकलो. गिरण्या बंद पडल्या तसे ते शिक्षणही गेले. म्हणून सरकार आपल्या पोरांना फुकट हुन्नर शिकवते, याचा आम्हाला आनंदच आहे. पण पैसा कुठल्या हिशोबाने मिळतो ते बघितले की काम कसे होणार तेही कळते, हे गिरणीतच आम्ही शिकलो.

२०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. आय.टी.आय.ला एक-दोन वर्षे लागतात. इथे थोड्या महिन्यांच्या वर्गांनाही मोठ्या प्रमाणावर सरकारी पैसा मिळू लागला. २०१६ पासूनच्या टप्प्यात हिशोब असा होता : वर्ग सुरू झाला की संस्थेला ३० टक्के, मुले परीक्षा पास झाली की ५० टक्के आणि नोकरीला लागली की २० टक्के. म्हणजे शंभरातले ऐंशी रुपये नोकरी न लागताच संस्थेच्या पदरात! मग नोकरीसाठी धावपळ कोण करील?

आमच्या वस्तीतल्या काही मुली अशाच एका शिवणवर्गाला गेल्या. मशिनी बारा, त्यातल्या चालू चार. हजेरी मात्र रोज पूर्ण. सर्टिफिकेट मिळाले, पण कारखान्याच्या दारात त्याला कुणी विचारले नाही. मुलींचे तीन महिने गेले आणि घरात बोलणी खावी लागली ती वेगळीच.

हे आमचेच गाऱ्हाणे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला. सुमारे ९६ लाख नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत विद्यार्थ्याच्या बँक खात्याची धड माहितीच नव्हती. एकच फोटो अनेक नावांपुढे लावलेला सापडला. ज्याचा पत्ताच कागदावर नीट नाही, त्याला न्याय कसा मिळणार?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. तांत्रिक प्रशिक्षण आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज ही दोन्ही कामे त्यांच्याच खात्याकडे होती. शिकवणे आणि काम मिळवून देणे वेगळे करून चालत नाही, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

म्हणून आमची मागणी आहे की, मोठा हप्ता मूल कामावर काही महिने टिकल्यावरच द्यावा. वर्ग मध्येच बंद पडला तर त्या मुलांची दुसरीकडे सोय सरकारने करावी.

आणि आई-बापांनो, नाव घालण्याआधी आपणही विचारा. मागच्या तुकडीतली किती पोरं कामाला लागली? कुठे? पगार किती? त्यातल्या दोघांना स्वतः भेटा. शाळेचा मूळ दाखला देऊ नका, झेरॉक्स द्या. बँकेचे खाते मुलाच्या स्वतःच्या नावावर असू द्या. कोऱ्या कागदावर सही नको.

शिका हा बाबासाहेबांचा आदेश आहे. तो पाळताना डोळे उघडे ठेवा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.