'लडाइट' कोणाला म्हणावे?



कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्यांनी शब्दाच्या व्युत्पत्तीवर बोलावे, हे पंडितांना धाडसाचे वाटेल. शाळेचे पाठबळ आम्हांला फारसे नाही. पण ज्याला शिवी खावी लागते, त्याला तिचे मूळ शोधण्याचा हक्क आहेच. नव्या यंत्राविषयी आम्ही एखादा प्रश्न विचारला की 'लडाइट' म्हणून आमची संभावना होते. लडाइट म्हणजे प्रगतीचा वैरी, दिसेल ते यंत्र फोडणारा विध्वंसक. कानाला हा शब्द आपल्या 'लढाई'चा सोयरा वाटतो. पण त्याचे कुळ इंग्लंडातले.

१८११ साली नॉटिंगहॅमच्या परिसरात मोजे विणणाऱ्या कारागिरांनी रात्री-बेरात्री माग फोडण्यास प्रारंभ केला. मालकांना धमकीची पत्रे जात, त्यांखाली 'जनरल लड' अशी सही असे. नेड लड नावाच्या पोराने पूर्वी रागाच्या भरात माग मोडले, अशी दंतकथा होती. तिच्यातून हे नाव उचलले. असा सेनापती प्रत्यक्षात कोणी नव्हता. त्यावरून हे लोक लडाइट.

आता, ज्यावर घण पडला ते यंत्र नवे होते काय? मोजे विणण्याचा माग विल्यम ली याने १५८९ साली काढला. सुमारे सव्वादोनशे वर्षे ज्या मागावर बापजाद्यांनी पोट भरले, त्याच्याशी वैर कसले? वैर होते मालकांच्या रीतीशी. रुंद मागावर कापड विणून, ते कापून-शिवून हलके मोजे करायचे, अर्धवट शिकलेले उमेदवार भरायचे आणि ठरलेले दर पाडायचे, अशी ती रीत. असल्या मालकांचे माग फुटले. दर पाळणाऱ्यांचे पुष्कळदा शाबूत राहिले. पुढे यॉर्कशायर व लँकेशायरमध्ये ही लाट गेली. तेथली यंत्रे खरोखर नवी होती. प्रश्न मात्र भाकरीचाच होता.

मग त्यांनी संघटना करून बोलणी का केली नाहीत? १७९९ व १८०० च्या कायद्यांनी कामगारांची संघटना हाच गुन्हा ठरविला होता! दार बंद झाले तेव्हा भिंत फुटली. १८१२ साली पार्लमेंटने माग फोडणाऱ्यास फाशी ठरविली. त्या विधेयकाविरुद्ध कवी बायरन याने लॉर्डांच्या सभेत आपले पहिले भाषण केले. त्याच वर्षी काही लडाइटांनी विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाचा गोळी घालून खून केला. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे १७ जण फासावर गेले.

मुंबईच्या गिरणी कामगारांवर १९२८ साली असाच प्रसंग आला. माणशी जादा माग चालवावेत, ही योजना होती. त्यांनी सहा महिने संप केला. १९२६ च्या कायद्याने युनियनला मान्यता मिळाली होती, म्हणून त्यांचे हत्यार घण नव्हे, संप होते. संघटनेची किंमत यावरून समजावी.

आज संगणकाविषयी, कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी कोणी विचारतो, 'यातून वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडणार?' त्याला लडाइट म्हणणे सोपे आहे. शब्द फेकला की उत्तर टळते. आमचे मागणे इतकेच आहे : शब्द मागे राहू द्या, आधी उत्तर द्या.