सहा ठिपक्यांची साक्ष



लोखंडाचा चुंबक ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की त्याचे चुंबकत्व जाते. आतील अणुचुंबकांची शिस्त उष्णतेने मोडते. निवल्यावर ते पुन्हा एका दिशेस तोंड करून उभे राहतात. पाणी गोठावे तसेच हे एक अवस्थांतर. आज आम्ही ज्या पदार्थाविषयी बोलणार आहोत, त्यातील अणुचुंबकांना मात्र सरळ रांगेत उभे राहणे मानवत नाही.

हा पदार्थ म्हणजे मँगॅनीज आणि सिलिकॉन यांचे समप्रमाण संयुग. शंख जसा डावा किंवा उजवा असतो (आणि उजवा दुर्मिळ म्हणून देव्हाऱ्यात त्याचा मान मोठा!), तशीच याच्या स्फटिकातील अणूंची मांडणी डावी किंवा उजवी असते. अशा मांडणीत शेजारचे दोन अणुचुंबक एकमेकांशी किंचित तिरके राहू पाहतात. या ओढीचा सिद्धांत सोव्हिएत रशियातील झ्यालोशिन्स्की यांनी १९५८ साली मांडला, आणि जपानच्या मोरिया यांनी १९६० साली तिचे अणूंच्या पातळीवरील कारण दाखविले. प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा थोडे वळून उभे राहायचे ठरविले, की रांगेचा मळसूत्री जिना होतो. सुमारे उणे २४४ अंशांखाली तो तयार होतो, आणि एका मिलिमीटरात त्याचे पंचावन्न हजार फेरे मावतात.

इतका बारीक जिना पाहायचा कशाने? न्यूट्रॉनने. त्याच्या अंगी विद्युत्भार नाही, म्हणून तो धातूत खोलवर शिरतो. परंतु तो स्वतः एक इवलासा चुंबक आहे, म्हणून आतील चुंबकांची रचना त्याला जाणवते. अणुभट्टीतून न्यूट्रॉनांचा झोत स्फटिकावर सोडला, की रचनेप्रमाणे काही न्यूट्रॉन अगदी दोनतीन अंशांनी वळतात आणि पलीकडच्या पडद्यावर ठिपके उमटतात. आपल्याकडे ट्रॉम्बे येथेही ‘अप्सरा’पासून न्यूट्रॉनांच्या विकिरणाचा अभ्यास होत आला आहे. वर सांगितलेला जिना जपानच्या इशिकावा यांनी सहकाऱ्यांसह १९७६ साली याच मार्गाने ओळखला.

बाहेरून चुंबकक्षेत्र लावले, की अवस्थांतराच्या तापमानाच्या जरा खाली एक चिंचोळी, निराळी अवस्था लागते. तिला ‘ए’ अवस्था म्हणत. ती अनेक वर्षे ठाऊक होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. मोजणी करताना क्षेत्र झोताला आडवे ठेवीत, आणि मग दोनच ठिपके दिसत. बैलगाडीच्या चाकाकडे समोरून पाहिले तर ते उभ्या फळीसारखे दिसते. चाक आहे हे कळायला बाजूला यावे लागते. म्यूनिकजवळच्या गार्खिंग येथील अणुभट्टीत म्युलबावर, फ्लाइडरर आदींनी क्षेत्र झोताच्याच दिशेने लावले आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: पडद्यावर सहा ठिपके, षट्कोनाच्या कोनांवर. आमच्या मते या साऱ्या कथेतील मोठे पाऊल हेच. यंत्र नवे नव्हते, उभे राहण्याची जागा नवी होती.

मेजावर सारखी नाणी चिकटवून मांडली, तर प्रत्येकाभोवती सहा बसतात. अणुचुंबकांचे भोवरे असेच दाटीने बसले आहेत, असा त्या ठिपक्यांचा अर्थ लावण्यात आला. या भोवऱ्यांना ब्रिटिश शास्त्रज्ञ स्कर्म यांच्या नावावरून ‘स्कर्मियॉन’ म्हणतात. असे भोवरे संभवतात हे बोग्दानोव व याब्लोन्स्की यांनी १९८९ सालीच गणिताने दाखविले होते.

पण येथे चतुर वकील उभा राहील. तो विचारील, स्फटिकाच्या तीन भागांत तीन दिशांचे साधे जिने असतील, तर प्रत्येकी दोन ठिपके धरून तेही सहाच होत नाहीत काय? शंका रास्त आहे, आणि केवळ ते सहा ठिपके मोजून तिचे निरसन होत नाही. २०१० साली जपानमध्ये तोकुरा यांच्या गटाने याच कुळातील लोह-कोबाल्ट-सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने भोवऱ्यांची जाळी प्रत्यक्ष पाहिली. २०११ साली न्यूट्रॉनांनीच आणखी फिकट ठिपके दाखविले. तिन्ही लाटा एकाच जागी एकमेकींत मिसळलेल्या असतील तरच ते त्या ठिकाणी उमटतात.

हे भोवरे विजेने हलतातही. चौरस मिलिमीटरला सुमारे एक अँपिअर एवढा प्रवाह त्याला पुरतो, असे २०१० साली आढळले. घरातील तारांतूनही याहून दाट प्रवाह वाहतो. माहितीच्या साठवणीसाठी यांचा उपयोग करू पाहणाऱ्यांची खरी अडचण थंडीची होती. कोबाल्ट, जस्त आणि मँगॅनीज यांच्या मिश्रधातूंत ते नेहमीच्या तापमानालाही टिकतात, हे २०१५ साली दिसून आले.