फुकटचा वकील

घरचा माणूस खटल्यात सापडला, ऐपत नाही म्हणून कोर्टाने वकील दिला, आणि शेवटी शिक्षा झाली, की शिक्रापूर काय अन् तळेगाव काय, पारावर एकच बोलणे निघते : 'सरकारी वकिलानं पोराचं वाटोळं केलं.'

आधी शब्दाचा घोटाळा काढू. सरकारी वकील हा आरोपीच्या विरुद्ध उभा राहतो. सरकारी खर्चाने मिळालेला वकील निराळा, तो तुमचा. त्याने तुमच्याकडून पैसा घ्यायचा नाही, आणि काम मात्र फी घेतल्यासारखेच करायचे.

आता त्याने ते केले की नाही, हे कसे ओळखावे? नुसत्या शिक्षेवरून नव्हे. पुरावा भक्कम असला तर नामांकित वकीलही हरतो. मध्यप्रदेशातल्या खांडव्याचा खटला पाहा. 2013 च्या फेब्रुवारीत एका तरुणावर बालिकेच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. ज्या दिवशी आरोप ठेवला, त्याच दिवशी त्याला वकील नेमून दिला; आणि दोन आठवड्यांच्या आत फाशी! हायकोर्टाने ती कायम केली. 2019 साली सुप्रीम कोर्टाने मात्र विचारले, की या वकिलाने कागद वाचले केव्हा आणि आरोपीशी बोलला केव्हा? शिक्षा रद्द झाली, खटला पुन्हा चालला, आणि 2024 साली तो तरुण निर्दोष सुटला. मधली अकरा वर्षे गेली ती गेलीच. त्याच निकालात कोर्टाने सांगितले, की जन्मठेप वा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात निदान दहा वर्षे वकिली केलेलाच माणूस द्यावा.

तेव्हा तुम्हीही हेच विचारा. वकील तुरुंगात जाऊन आरोपीला भेटला का? वेळ मागून घेतला का? साक्षीदारांची उलटतपासणी केली, की 'काही विचारायचे नाही' म्हणून खाली बसला? हे सारे रोजनाम्यात आणि साक्षींच्या नकलांत सापडते. त्या हाती नसताना 'वकील वाईट होता' म्हटले, तर वरचे कोर्ट ऐकत नाही.

खटला चालू असेल तर निकालाची वाट पाहू नका. शिरूरला तालुका विधी सेवा समिती आहे, पुण्याला जिल्हा प्राधिकरण आहे. वकील बदलून द्या असा अर्ज तिथे करता येतो. 15100 या क्रमांकावर फोनही चालतो. गुरुजींनी असा अर्ज लिहून दिला तर मोठे काम होईल. तक्रार पुष्कळांना तोंडी सांगता येते, कागदावर उतरत नाही.

निकाल लागला असेल, तर नक्कल ताबडतोब मागा. 1978 सालचा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा खटला याच हक्काचा. आरोपी विद्यापीठात शिकवणारा, तरी अपिलाला चार वर्षांचा उशीर, कारण निकालाची प्रतच हाती आली नव्हती म्हणे. तुरुंगातल्या माणसाला नक्कल फुकट आणि अपिलाला वकीलही फुकट, असे तेव्हा कोर्टाने ठरवले. हायकोर्टात अपिलाला साठ दिवस मिळतात, सेशन्स कोर्टात तीस. फाशी असेल तर हायकोर्टातही तीसच. मुदत उलटली असली तरी उशिराचे कारण लिहून अर्ज देता येतो, आणि तो तुरुंगातूनच, तुरुंगाधिकाऱ्यामार्फत पाठवता येतो.