ऊन सगळ्यांना सारखंच लागतं

 

एकमेकांना धरून राहणं हा आपला स्वभाव, असं आपण म्हणतो. पण स्वभाव घडतो कशानं? चीनच्या 15 प्रांतांत यावर अभ्यास झाला. हवा सौम्य असते तिथे माणसं आपल्या माणसांवर कमी विसंबतात. हवा कडक आणि पैसाही कमी असेल, तिथे सगळ्यात जास्त. कडक हवेतही खिशात पैसा आला, की ही पकड सैल होते.

आपल्याकडची फड पद्धत बघा. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर बंधारे. पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी. पाणी कमी पडलं तर कुठला फड भिजवायचा, कुठला पडीक ठेवायचा, हे सगळे मिळून ठरवत. एकेकाची शेती अनेक फडांत असायची, म्हणून तोटाही वाटला जायचा.

इथंही तसंच होतं. अल ऐनमधल्या खजुरीच्या बागा फलजच्या पाण्यावर जगल्या. पाण्याची पाळी वेळ मोजून लागायची. 1962 मध्ये अबू धाबीचं तेल बाहेर जाऊ लागलं. मग समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने आले, एसी आला. ऊन तेच राहिलं, पण पैसेवाल्याला शेजाऱ्याच्या पाळीची गरज उरली नाही.

आपल्या वाट्याला ऊन आहे आणि पगार बेताचा. म्हणून कॅम्पात एकी आहे. पण ती बऱ्याचदा आपल्या गावापुरतीच असते. वरच्या बंकवरचा बिहारी, नेपाळी त्यात नसतो. फडाचा हिशेब मात्र शेतावर चालायचा, ओळखीवर नाही. आपली एकीही तशीच पाहिजे.

15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी 12.30 ते 3, उन्हात उघड्यावर काम बंद. काही ठरावीक कामं सोडली तर हा नियम सगळ्यांना आहे. कुणाला चक्कर आली, घाम थांबला, तर तो कुठला हे विचारू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा, रुग्णवाहिका बोलवा. कामाचे तास रोज वहीत लिहा, ज्याला लिहिता येत नाही त्याचेही. पगार अडला तर कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते, त्यासाठी वही कामाला येते.

संपाला इथे परवानगी नाही, वर्गणी गोळा करायलाही परवाना लागतो. तेव्हा कायद्यात राहून करायचं. शेजाऱ्यावर लक्ष ठेवायला कुणाचा परवाना लागत नाही.