जुनी डिस्क लगेच काढू नका!

आजचा किस्सा आमच्या सदरचा, मामांच्या फोटो स्टुडिओतला.

मे महिन्यात मामांचा फोन आला, "अरे, तो डबा बीप-बीप करून राहिला!" डबा म्हणजे 4 डिस्कचा लिनक्स सर्व्हर, रेड-5 वर. त्यात लोकांच्या लग्नांचे फोटो. एका डिस्कवर खराब सेक्टर वाढत होते, पण ती चालू होती. मामा म्हणाले, "काढ ना ती, नवी टाक." माझाही हात तिकडेच गेला होता.

पण थांबा. रेड-5 मध्ये एकच डिस्क गेलेली चालते. आजारी डिस्क काढली की ती सवलत तिथेच संपली. मग रिबिल्डसाठी उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात. त्याही तितक्याच जुन्या, त्यात नागपूरचा मे. आणखी एक गेली, तर सगळंच गेलं.

डब्यात पाचवा स्लॉट नव्हता. म्हणून आधी महत्त्वाचे फोटो वेगळ्या ड्राइव्हवर घेतले. मग नवी 4 टीबीची डिस्क यूएसबी डॉकमध्ये लावली, अ‍ॅरेत स्पेअर म्हणून जोडली आणि एमडीएडीएमचं 'रिप्लेस' सुरू केलं. यात जुनी डिस्क जागेवरच राहते, तिच्यावरूनच कॉपी होते. जिथे ती वाचता येत नाही, तेवढाच भाग बाकीच्या डिस्कवरून काढला जातो.

दोन गोष्टी आधी बघा. पोर्ट 3.0 चा हवा, 2.0 वर सेकंदाला 35 एमबी धरले, तरी 4 टीबीला 30 तासांहून जास्त लागतात. दुसरं, काही डॉक सेक्टरचा आकार 512 ऐवजी 4096 दाखवतात. मग डिस्क आत बसवली की पार्टिशनच दिसत नाही. म्हणून दोन्हीकडे आकार सारखा आहे ना, हे सुरुवातीलाच तपासा.

आता गंमत ऐका. अर्धी कॉपी झाली आणि मामांचा पाय वायरीत अडकला. डॉक बंद! मामांचा चेहरा उतरला, "गेले का रे फोटो?"

नाही गेले. जुनी डिस्क अजून आतच होती ना! कॉपी पुन्हा सुरू केली, वायर टेपने चिकटवली. सकाळी सर्व्हर बंद करून नवी डिस्क स्लॉटमध्ये बसवली. अ‍ॅरेने तिला बरोबर ओळखलं, कारण ओळख डिस्कवरच लिहिलेली असते, पोर्टवर नाही.

एवढं लक्षात ठेवा: डॉक फक्त पाहुणा, कायमचा ठेवू नका. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तुमच्या घरचे फोटो आत्ता किती ठिकाणी आहेत? आज मोजा. भेटू पुढच्या भागात!